शेपटीची खूण

९ जून

मुंगे,

आशीर्वाद आहेत असं धरून चाल, ते दर वेळी लिहीत बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल. पत्र माझं मीच लिहितेय. शेजारच्या मास्तरीणबाई लिहून देते म्हणाल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं आलं असतं, पण संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना पाठ झालं असतं. तेव्हा चौथीपर्यंत जेवढं शिकले तेवढ्यात भागवते. अडलीस तर मोठ्यानं वाच, म्हणजे मी बोलतेय तसं ऐकू येईल.

तू गेलीस त्याला सात महिने होत आले. फोन उचलत नाहीस. पत्ता तुझ्या आईला कुठून मिळाला ते ती सांगत नाही, पण पीठ मळता मळता तिच्या तोंडून निसटलं की तू खेळण्यांच्या दुकानात पावत्या फाडतेस. पाच वर्षं डोळे फोडून ऑडिटची परीक्षा दिलीस ती बाहुल्यांची बिलं करायला? दुकान वाईट नाही म्हणा. बाहुल्या निदान खोटं बोलत नाहीत.

इकडे पुढच्या खोलीतलं तुझ्या बापाचं ऑडिटचं ऑफिस रोज उघडतं, पण येत कुणी नाही. दोन कारकून होते, तेही गेले. तुझा बाप सकाळी नवाला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतो, एकला उठून जेवतो, परत जाऊन बसतो. स्वयंपाकघरातून ऑफिसात जायला सात पावलं लागतात, पण माणूस बूट घालून जातो.

काल ऑडिट तपासणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. तुझी शेवटची सुनावणी अठरा ऑगस्टला आहे. तुझा सहीचा परवाना कायमचा काढून घ्यायचा की नाही ते त्या दिवशी ठरणार. तुझी आई रडली. मी रडले नाही, मला चष्मा पुसायचा कंटाळा येतो.

म्हणून लिहितेय. ये आणि भांड. लहानपणी एका पेन्सिलीसाठी अख्खा वर्ग डोक्यावर घ्यायचीस, आणि आता नाव जातंय तर तोंड शिवून बसलीस?

तुझी चूक नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. स्वयंपाकघर आणि ऑफिस यांच्यात भिंत कसली, कागदच आहे. वर्षअखेरची मालमोजणी करून तू रंगवाल्या शेठच्या गोदामातून आलीस तो दिवस मला आठवतो. बुटांना निळा रंग लागला होता आणि तू बूट न काढताच आत गेलीस.

"बाबा, मागच्या चार रांगा मोजू दिल्या नाहीत. शेठ म्हणतो पिंपं हलवायची गाडी बंद आहे, मागे जायला वाट नाही."

"पुढच्या मोजल्यास ना? मग मागे काय हत्ती ठेवलेत?"

"हत्ती नाहीत असं तुम्ही लिहून द्या. मी न पाहिलेल्याला खूण करणार नाही."

मग दार आपटलं आणि माझं दूध उतू गेलं. म्हणून एवढं लक्षात आहे.

त्या चार रांगांचे कागद तू कोरे ठेवलेस. पुढे कुणीतरी त्यांच्यावर तुझी खूण केली. कुणी केली ते आता उकरून काय उपयोग. पण तू केली नाहीस एवढं तरी सांगायला ये.

आजी


२७ जून

मुंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालवाला आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो. त्याचीही दया यायला लागलीय.

परवा कोपऱ्यावर लेबलवाली भेटली. तुला आठवणार नाही. माझ्याबरोबर लॉन्ड्रीत चार वर्षं होती, मग रंगाच्या कारखान्यात पिंपांना लेबलं चिकटवायला गेली. कारखान्याला कुलूप लागल्यापासून फुटपाथवर मोजे विकते. मी एक जोड उचलला तर म्हणाली, "तुम्हाला नाही विकायचे."

"का गं? माझे पाय काय वाकडे आहेत?"

"पाय सरळ आहेत. तुमच्या नातीचा हात वाकडा आहे."

मग बोलत सुटली. मागच्या रांगेतल्या पिंपांना लेबलं हिनंच चिकटवली होती. हात लावला की आतून डचमळायचं. रंग डचमळत नाही म्हणे, रंग जड असतो, सुस्त पडून राहतो. डचमळतं ते पाणी. "तीनशे माणसं घरी बसली, बाई. तुमच्या नातीनं एक पिंप हलवून बघितलं असतं तरी कळलं असतं. नुसत्या शेपट्या काढत गेली."

मी म्हटलं, "तुला कळलं होतं तर तू का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "मला कुणी विचारलं? तिला विचारायलाच ठेवलं होतं."

मी मोजे खाली ठेवले आणि घरी आले. तुझी बाजू घ्यायला हवी होती, घेतली नाही. ऊन फार होतं.

शेपटीचं तिला ठाऊक असणारच, लॉन्ड्रीतली ना. तू लहान असताना तुला सांगितलं होतं, तरी परत सांगते. इस्पितळाच्या चादरी यायच्या, दिवसाला सातशे-आठशे. आम्हा बायकांना लिहिता-वाचता येतंय की नाही याच्याशी मालकाला घेणं नव्हतं. प्रत्येक चादरीमागे कागदावर एक खूण करायची. साधी खूण म्हणजे मोजली. खुणेच्या पायाशी शेपटी काढली तर चादर उलटून, दोन्ही बाजूंनी पाहिली. डाग नाही, फाटकी नाही. शेपटी दिली आणि तीच चादर फाटकी निघाली, तर त्या दिवसाची मजुरी गेली. बत्तीस वर्षांत माझी दोनदा गेली. दोन्ही वेळा तुझा बाप तापानं फणफणला होता आणि माझं लक्ष घरी होतं.

तुझ्या बापाची खूण म्हणजे कोट अडकवायचा आकडा. ऑफिसातल्या कारकुनांच्या खुणा म्हणजे मेलेल्या माश्या. तूच एक माझी खूण घेऊन ऑडिटला बसलीस. फाइलीत पहिल्या पानावर खुणांची यादी असते, कुणाची खूण कोणती आणि तिचा अर्थ काय, ती तू मला वाचून दाखवली होतीस. "शेपटीची खूण: मी स्वतः जाऊन पाहिले." वाचताना तुझी मान अशी ताठ झाली होती की मी म्हटलं, मेली आता पालखीत बसून जेवायला मागेल.

आणि तो नवा कायदा. पूर्वी ऑडिटवाल्यांना ऑडिटवालेच तपासायचे. तू माझं झाक, मी तुझं झाकतो. मग बाहेरचं मंडळ बसलं. ज्यानं सही केली त्यानं पाहिलेलं असलं पाहिजे, कुणी काय पाहिलं ते कागदावर दिसलं पाहिजे, आणि सहीनंतर साठ दिवसांत फाइल बंद. मग तिच्यात टाचणीसुद्धा घालायची नाही. तू त्या कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचीस. तुझा बाप म्हणायचा, "कायदे येतात आणि जातात, गिऱ्हाईक टिकलं पाहिजे." कायदा नवा आला खरा, हात जुनेच राहिले.

रंगवाला तर त्याचं पहिलं गिऱ्हाईक. ह्याच्याकडे टेबलसुद्धा नव्हतं तेव्हा त्यानं काम दिलं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये तुझ्या बापानं सही ठोकून दिली. सप्टेंबरात मंडळाची नोटीस आली, फाइल आणून दाखवा म्हणून. आणि फाइलीत चार कागद कोरे.

तुझ्या बापानं मला विचारलं होतं, हे आज सांगते. तू दुसऱ्या गावी कामाला गेली होतीस. तो कागद घेऊन आत आला आणि म्हणाला, "आई, मुंगीची खूण तुला येते ना?"

मी म्हटलं, "मला नाही जमायचं. डोळे गेलेत माझे."

तो परत गेला. पुढे काय केलं त्याचं त्याला माहीत.

आजी


१९ जुलै

मुंगे,

मागच्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी खोडून टाक. खोट्या आहेत.

काल मंडळाकडून सुनावणीचा गठ्ठा आला. तुझ्या नावानं, पण पत्ता ह्याच घराचा. तुझी आई बाजारात होती, बाप खुर्चीत. मी फोडला. त्यात त्या चार कागदांच्या छायाप्रती आहेत. खुणांभोवती त्यांनी लाल पेनानं गोल काढलेत. मी खिडकीशी बसून पाहत राहिले आणि मला जे दिसलं ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

माझी शेपटी डावीकडे वळते.

तुझी उजवीकडे वळते. मी डावखुरी, तू उजव्या हाताची. तुला खूण शिकवली तेव्हा तू समोर बसून शिकलीस, आरशात बघितल्यासारखी. त्यामुळे दोघींना वाटत राहिलं की खूण एकच आहे. आपल्याच पाठीवरचा तीळ माणसाला दिसतो का? त्या कागदांवर दोनशे बारा खुणा आहेत आणि दोनशे बारा शेपट्या डावीकडे. शिवाय ओळीभर फराटे. डाव्या हातानं लिहिलं की तळव्याची कड ओल्या शाईवरून फिरते.

रविवार होता. दुपारी तीनची वेळ, तुझी आई बहिणीकडे गेली होती. त्यानं मला ऑफिसात बोलावलं, तुझ्या खुर्चीत बसवलं, तुझं हिरवं पेन हातात दिलं. मी डोळे गेलेत म्हटलं, ते खरं आहे. तो म्हणाला, "वाचायचं नाहीये आई, फक्त काढायचं आहे." मग म्हणाला, "मुंगीला काही होणार नाही. कोण बघतंय एवढं." मग गालातल्या गालात जीभ फिरवत उभा राहिला, तापात पाणी मागायचा तेव्हा करायचा तसं.

आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं असं लिहिणार होते. ओळ मनात तयार होती. पण मार्चमधलं तुमचं भांडण भिंतीपलीकडून मीच ऐकलं होतं. मला कळत होतं. ज्या पिंपांची सावलीसुद्धा मी पाहिली नाही त्यांना मी एकेक करून शेपटी दिली. त्रेपन्नाची एक रांग, अशा चार. मध्ये एकदा पाणी प्यायला उठले. तेव्हाही थांबता आलं असतं.

मी पोटचा पोर पाहिला. त्याच्या पोटची पोर पाहिली नाही.

ऑक्टोबरात मंडळानं पिंपं उघडली, आत पाणी निघालं, कारखाना बुडाला. तुझा बाप त्यांच्यासमोर म्हणाला, "मुलीनं शेपटीची खूण केली होती, तिच्या भरवशावर मी सही केली." त्याला ताकीद आणि दंडावर सोडलं. तू चौकशीहून आलीस, माझ्याकडे बघितलंस, म्हणालीस, "आजी, गोळ्या घेतल्यास का?" आणि पेटी भरायला लागलीस. मला वाटलं, बापावर रागावून निघालीय. बरंच वाटलं, खरं सांगते. माझ्यावर नाही ना, म्हटलं.

आता सांग. त्यांनी तुला ते कागद दाखवले होते ना? किती वेळ पाहिलेस? पहिल्याच शेपटीला कळलं असणार तुला. तू तांदळातला खडासुद्धा नुसत्या बोटांनी ओळखतेस.

कळलं होतं, म्हणूनच गप्प बसलीस का?

आजी


५ ऑगस्ट

मुंगे,

तुझं कार्ड पोचलं. "आजी, काही बोलायला जाऊ नकोस. गोळ्या वेळेवर घे." आठ महिन्यांनी आठ शब्द. महिन्याला एक. कंजूष तू आधीपासूनच.

झालं तर मग. ठाऊक होतं तुला.

गोळ्या घेते. दुसरं ऐकणार नाही. मी म्हातारी आहे, घाबरलेली नाही. उलट, घाबरले होते तेव्हाच ते पेन हातात घेतलं. मला झाकायला तुझं नाव जाणार असेल तर ती चादर मला नको. माझी ऐंशी वर्षं होत आली, मी झाकून ठेवण्यासारखं काय शिल्लक आहे? तुझी अजून चाळीस वर्षं कामाची आहेत.

काल भाजी चिरताना तुझ्या आईला सांगितलं. तिनं विळी बाजूला ठेवली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "अहो, मला ठाऊक आहे. त्या सोमवारी तुमच्या डाव्या हाताची कड हिरवी होती. दोन दिवस राखेनं घासत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एका बाजूला नवरा, एका बाजूला मुलगी आणि मध्ये तुम्ही. मी म्हटलं, कुणीतरी बोलेल."

घरातली चार माणसं, चौघांनाही ठाऊक, आणि उरलेली तिघं एकमेकांना भाजी वाढतायत.

संध्याकाळी तुझ्या बापासमोर गेले. कुणी नसलेल्या ऑफिसात तो पेन्सिलींना टोक काढत बसला होता.

मी म्हटलं, "अठरा तारखेला मी जाणारेय."

"कुठे?"

"मंडळात. हात दाखवायला."

तो हसला. "आई, तू काय सांगणार तिथे? ते तुला हाकलून देतील. आणि ऐकून घेतलंच तर माझी सही जाईल. ताकीद नाही, सहीच जाईल. पंचावन्नाव्या वर्षी मी काय बाहुल्या विकू?"

"ती विकतेय."

"ती तरुण आहे. दुसरं काही शोधेल. आणि सगळेच करायचे ग हे. तीस वर्षं सगळे करत आले. मी काही एकटा चोर नाही."

"लॉन्ड्रीत फाटकी चादर एकीकडे सापडली तर बाकीच्या अकराजणींच्या चादरी कशा होत्या हे मालक विचारत नव्हता."

मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आई, मी मुलगा आहे तुझा."

मी म्हटलं, "म्हणूनच केलं. म्हणूनच आता निस्तरतेय."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तो पुटपुटला. ऐकू आलं मला. भिंतीपलीकडून ऐकायची सवय आहे. म्हण बरोबर वापरली, फक्त दांडा कोण ते चुकला.

आजी


६ सप्टेंबर

मुंगे,

निकाल काल आला. तुलाही पोचला असेल, पण त्यांच्या भाषेत. माझ्या भाषेत वाच.

सुनावणीला तू येणार नाहीस हे धरूनच गेले. तुझी आई बसने घेऊन गेली, दोन बस बदलून. मोठी इमारत, गुळगुळीत फरशी, पाय घसरेल म्हणून मी चपला हातात घेतल्या तर दारावरचा शिपाई म्हणाला, "आजी, इथे देऊळ नाही." मी म्हटलं, "दिसतंय. घंटा नाही."

टेबलापलीकडे तिघं होते. दोन साहेब, आणि मध्ये एक बाई, करड्या केसांची, साधी. तुझा बाप साक्षीदार म्हणून एका बाजूला. माझ्याकडे पाहत नव्हता. मला आधी बोलूच देईनात. माझं नाव यादीत नाही म्हणे. बाईंनी एक कागद उचलून वाचला, तुझा होता. "त्या चार कागदांवरील खुणा माझ्याच आहेत. मी माल न पाहता केल्या. मला आणखी काही सांगायचे नाही."

मुंगे, मी समजत होते तू नुसती गप्प आहेस. तू लिहूनच दिलं होतंस. खोटं लिहायला याच घरात शिकलीस, कुणाला दोष देऊ.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "ते खोटं आहे. खुणा माझ्या आहेत."

डावीकडचा साहेब म्हणाला, "आजी, तुम्हाला वाचता येतं का?"

"येतं. तुमच्याइतकं जोरात नाही."

बाईंनी तुझ्या बापाला विचारलं, "यांचं म्हणणं खरं आहे का?"

तुझा बाप म्हणाला, "आईचं वय झालंय. तिला काही आठवत नाही. नातीच्या मायेनं बोलतेय."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. घरपट्टीचा आकडा सांगावा तसं म्हणाला. तुझी आई माझ्यामागे उभी होती, तिनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं. कशासाठी ते कळलं नाही, मला धरायला की स्वतःला.

मी पिशवीतून तुझं हिरवं पेन काढलं आणि म्हटलं, "एक कागद द्या."

दिला. मी बसले आणि खुणा काढायला लागले. डाव्या हातानं. पाच झाल्यावर बाई म्हणाल्या, "कळलं आम्हाला, पुरे." मी म्हटलं, "रांग त्रेपन्नाची आहे. रांग अर्धी सोडायची नसते." उजवीकडचा साहेब उठून माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला, फाइलीतला कागद शेजारी धरून. खूण, शेपटी डावीकडे. खूण, शेपटी डावीकडे. तळव्याची कड हिरवी होत चालली.

चाळीस झाल्या असतील. तुझा बाप म्हणाला, "पुरे, आई."

मी थांबले नाही.

"पुरे ना ग आई. खरं आहे ते. मीच बसवलं होतं तिला."

हे त्यानं त्यांना सांगितलं की मला, कोण जाणे. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उरलेल्या तेरा झाल्या नसत्या.

बाईंनी मला शेवटी एकच विचारलं. "शेपटीचा अर्थ काय, आजी?" मी सांगितला. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी हे जाणत होतात?" मी म्हटलं, "बाई, तेवढंच तर मला येतं."

निकाल असा. दोनशे बारा खुणांतून तू सुटलीस. पण मंडळाला खोटं लिहून दिलंस म्हणून एक वर्ष सही करता येणार नाही. आणि गोदामातून आलीस तेव्हा बापाला तोंडानं सांगितलंस, फाइलीत लिहिलं नाहीस, त्याबद्दल समज. ते मला पटलं. भिंतीला ऐकू गेलेलं कागदाला ऐकू जात नाही. तुझ्या बापाची सही दहा वर्षांसाठी गेली. म्हणजे गेलीच. मला काही केलं नाही. त्यांच्या कायद्यात माझ्यासारखीला कलमच नाही म्हणे. असू दे, शिक्षेला घर पुरेसं आहे.

तो माझ्याशी बोलत नाही. ओरडतही नाही, ते परवडलं असतं. सकाळी नवाला खुर्चीत बसतो, पण आता बूट घालत नाही. दारावरची पाटी त्यानं स्वतः उतरवली, स्टुलावर चढून. मी स्टूल धरायला गेले तर म्हणाला, "राहू दे." अठरा दिवसांतले तेवढेच दोन शब्द. पाटी होती तिथे भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. तुझी आई पुसायला गेली. तो डाग नाही, बाकीची भिंत मळलीय, हे तिला सांगितलं नाही.

लेबलवालीकडे गेले होते. तिला म्हटलं, "हात माझा वाकडा होता, नातीचा नाही." ती बराच वेळ मोजे जुळवत राहिली. मग म्हणाली, "माझा तरी कुठे सरळ होता. लेबलं मीच लावली ना." तिनं मोज्यांचा एक जोड दिला. पैसे घेतले. बरं वाटलं, पैसे घेतले ते.

मी बरोबर केलं का, मला विचारू नकोस. एका हातानं नात बुडवली, त्याच हातानं मुलगा बुडवला. डावा हात वाईट असं माझी आई म्हणायची, मारून मारून उजवा करायला बघायची. जमलं असतं तर तुझा निकाल वेगळा लागला असता, शेपट्या उजवीकडे वळल्या असत्या आणि कुणाला काही कळलं नसतं. तुलासुद्धा नसतं कळलं. तू बापावर रागावली असतीस आणि एव्हाना घरी परत आली असतीस.

परत ये असं लिहीत नाही. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तेव्हा मला तुझ्याकडून काही हवं होतं. आता तुझी मर्जी. वर्ष संपलं की सही परत मिळेल तुला. करशील की बाहुल्यांतच रमशील, तेही तुझं तू ठरव. केलीस तर फाइलीत खुणांच्या यादीत ती खूण ठेवू नकोस. दुसरी शोध. ती माझ्या हातून विटाळली.

तुझी आई सांगते की तू बरी आहेस, जेवतेस वेळेवर, दुकानाची मालकीण चांगली आहे. ऐकून घेतलं. म्हणून खाली एक खूण केलीय. शेपटी दिलेली नाही.

मी पाहिलेलं नाही.

आजी

✓